चिमट्यातल्या तोफा

एकोणीसशे एक्क्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात एक उंच, पांढऱ्या मिशांचा माणूस लढाऊ जहाजाचं मॉडेल काखोटीला मारून दुकानात आला आणि म्हणाला, की याच्या विमानविरोधी तोफा बदलून हव्यात. खोक्यातून आलेल्या तोफा म्हणजे नुसत्या प्लास्टिकच्या काड्या होत्या.

दुकान बहीणभावाचं होतं. बहिणीला पन्नाशी उलटली तरी सगळे धाकटीच म्हणत. छोट्या जहाजांचं सुटं सामान ती हाताने बनवी. नांगर, शिड्या, होड्या, आणि तोफा. इंजेक्शनच्या सुईची नळी, पितळी पत्र्याची ढाल, केसासारख्या तारेचं गोल नेमयंत्र, आणि हे सगळं जोडायला डाखाचा एक ठिपका. अख्खी तोफ गव्हाच्या दाण्याएवढी. तिचं काम चालू असताना दुकानात शिंकायला बंदी असे.

धाकटीने जहाजाचं नाव वाचलं आणि चिमटा खाली ठेवला. लढाईत तिचा भाऊ, दादा, याच जहाजावर होता. मागच्या तोफेवर.

दादा परत आला तो एक कान गमावून. लग्न केलं नाही. आतल्या खोलीत बसून तो जहाजांसाठी लाकडी बैठका तासायचा. तोफांना कधी हात लावत नसे. त्या जहाजाचा विषय काढला की उठून जायचा, आणि झोपेत मात्र ‘डावीकडे, डावीकडे’ असं ओरडायचा. त्याने कुणापाशी तरी एकदा ते सगळं बोलून टाकावं, एवढं एकच धाकटीचं मागणं होतं. तिच्यापाशी नाही तर नाही, पण कुणापाशी तरी.

‘तुम्ही होतात का त्या जहाजावर?’ तिने विचारलं.

म्हाताऱ्याने जहाजाकडे पाहिलं. ‘होतो,’ तो म्हणाला. ‘थोडाच वेळ.’

बदलीवर आलेला असेल, असं तिने धरलं. त्याच्या बोलण्यात परका हेल होता, पण बंदराच्या गावात हेलांचं कुणाला अप्रूप नसतं. मुलगी लग्न होऊन इथे आली, तिच्यामागून आपण आलो, असं त्याने सांगितलं. धाकटीने त्याचं नाव कॅप्टन ठेवलं. आपण कॅप्टन नव्हतो, असं तो दर वेळी सांगे आणि दर वेळी खूष होई.

तो रोज दुपारी येऊ लागला. डेकची त्याला खडान्‌खडा माहिती होती. कुठली तोफ दोन नळ्यांची, कुठल्या तोफेभोवती वाळूची पोती रचलेली, कुठली ताडपत्री फाटून फडफडत होती. बसत नसे. उभ्यानेच, एक डोळा मिटून, जहाजाकडे खाली बघत सांगे. बाजूचा रंग मात्र तुम्हाला आवडेल तो द्या म्हणाला. धाकटीला हसू आलं. पुरुषांना स्वतःच्या घराच्या भिंतींचा रंगही कधी आठवत नाही.

दादाला बाहेर आणायला तिने नाना खटपटी केल्या. भिंग आणून दे, चहा नेऊन दे. दादा दारापर्यंत येई, टेबलावरचं जहाज बघे आणि पाठ फिरवी. आत कोण असतं, हे कॅप्टननेही कधी विचारलं नाही.

मागची तोफ सगळ्यात शेवटी झाली. तिच्या बैठकीवर धाकटीने मुद्दाम एक माणूस बसवला, मुंगीएवढा, लोखंडी टोपीसकट. कॅप्टनने भिंगातून पाहिलं.

‘याच्या डोक्यावर काही नको,’ तो म्हणाला. ‘त्याचे केस उडत होते.’

आतल्या खोलीतला रंधा थांबला. दादा बाहेर आला, अंगावरच्या भुशासकट, आणि सरळ टेबलापाशी जाऊन उभा राहिला.

‘टोपी वाऱ्याने गेली होती माझी,’ तो म्हणाला. ‘तुम्हाला कशी दिसली?’

कॅप्टनने भिंग खाली ठेवलं. कुठला कान चांगला, ते खुणेनेच विचारलं, आणि वाकून त्या कानात काहीतरी सांगितलं. धाकटी दुसऱ्या बाजूला होती. तिला अक्षरही ऐकू आलं नाही. दादाचा चेहरा पांढराफटक पडला. टेबलाची कड त्याने घट्ट धरली. मग तो हसू लागला, आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. कॅप्टन आधी घाबरला. मग त्यालाही राहवेना.

‘काय झालं रे दादा?’

‘जुनी ओळख निघाली,’ दादा म्हणाला आणि त्याने कॅप्टनसाठी स्टूल ओढलं.

त्यानंतर दुपारभर दोघांची भांडणं चालत. मागच्या तोफेचं तोंड नेमकं कुठे होतं, यावरून तर एकदा अबोला झाला. बाजूचा रंग दादाने सांगितला. ‘हे मला विचार, त्याला काय कळतंय,’ असा शेरा मारून. कॅप्टनने तो मुकाट ऐकून घेतला. धाकटी डाख देत असल्याचं सोंग करून कान टवकारून बसे. त्या दिवशी आपण किती भ्यालो होतो, ते दादा भडाभडा सांगत होता. कॅप्टन ऐकून घेई आणि म्हणे, ‘मी तुझ्याहून जास्त.’

जहाज पुरं झालं आणि कॅप्टनच्या मुलीच्या घरी काचेच्या कपाटात गेलं. तिच्या पोरांनी त्याच्या तोफा मोडल्या, आणि धाकटीने पोरांचा उद्धार करत त्या पुन्हा बसवल्या. पुढे तिचे डोळे साथ देईनात, तेव्हा तिने दुकान विकलं. त्या जागी चष्म्याचं दुकान निघालं, याचं तिला फार हसू येई. दादा ऐंशी ओलांडून गेला. झोपेतलं ओरडणं केव्हाच थांबलं होतं.

कॅप्टन त्याच्या बराच आधी गेला, एका हिवाळ्यात. त्याला पोचवून परतताना दादा एकटाच पुढे चालत होता. धाकटीने त्याला गाठलं, चांगल्या कानाच्या बाजूने, आणि त्याचा दंड धरला.

‘तुझ्या जहाजावरचं शेवटचं माणूस गेलं रे,’ ती म्हणाली.

‘जहाजावर नव्हता गं तो,’ दादा म्हणाला. ‘जहाजाच्या वर होता. बरं झालं, त्या दिवशी माझा नेम वाईट होता.’