मिनिटभराचं वर्ष

पूनमनं वर्षभर रोज सकाळी गच्चीवरून, एकाच जागी उभं राहून, शेताचा फोटो काढला आणि कॉलेजच्या प्रदर्शनासाठी त्या फोटोंचा मिनिटभराचा व्हिडिओ केला. मांडवगणात घरच्या टीव्हीवर तो लावला, तेव्हा शेजारची विधवा चुलतीही कौतुकानं येऊन बसली.

कांदा लागला, निघाला, बाजरी डोलली. आणि दर नांगरटीला पूनमच्या आप्पांचा ट्रॅक्टर बांध कोरत गेला. दोन रानांमधला तो बांध सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वीतवीत चुलतीच्या रानात सरकला.

आप्पा रिमोट शोधू लागले.

“भावजी, बांध सरकतोय म्हणत व्हते, तवा मला भास व्हत्यात म्हणत डॉक्टरकडं नेलंत,” चुलती शांतपणे म्हणाली. “पूनम, रोज देतीस ती भासाची गोळी आता नगं गं.”