तिसरी खाच

हॉटेलांत आणि सोसायट्यांत व्यायामशाळा मांडून देणं हा माझा धंदा. व्यायामाच्या सायकली माझा मेव्हणा बसवतो. उद्घाटनापर्यंत प्रत्येक सायकलची सीट मी सातव्या खाचेवर ठेवतो. पुढे जो येईल तो आपल्या उंचीप्रमाणे वरखाली करतो.

या नव्या सोसायटीत सलग तीन दिवस सकाळी खिडकीजवळच्या सायकलची सीट तिसऱ्या खाचेवर सापडली. दाराच्या किल्ल्या दोनच. एक माझ्याकडे, एक मेव्हण्याकडे.

तिसरी खाच माझ्या बायकोची. ती बुटकी होती. नव्या सायकली आल्या की आम्ही दोघं शेजारी शेजारी बसून त्या तपासायचो. तिला जाऊन सात महिने झाले.

"तुझ्या ताईची खाच तुला माहीत आहे," मी मेव्हण्याला म्हणालो. "ही चेष्टा बंद कर."

"भाऊजी, डोकं ठिकाणावर आहे का? माझी बहीण गेली आणि मी चेष्टा करीन?" त्याने किल्ली माझ्या हातावर आपटली. "ही घ्या. आता स्वतःवरच संशय घ्या."

संध्याकाळी सगळ्या सीट मी सातवर आणल्या, कुलूप लावलं आणि दोन्ही किल्ल्या खिशात घातल्या.

सकाळी खिडकीजवळची सीट तिसऱ्या खाचेवर होती. शेजारच्या सायकलची अकराव्या खाचेवर.

माझी खाच कितवी, हे मी कधी बघितलंच नव्हतं. माझी सीट नेहमी बायकोच लावायची.

मी त्या शेजारच्या सायकलवर बसलो. पाय पॅडलवर बरोबर टेकले.