सहावी टोपली

“खेळायची काय गरज? फोटो आहेत की,” पुण्याचा पाहुणा म्हणाला आणि सावलीत बसूनच आमच्या डिस्क गोल्फच्या मैदानाचा रिव्ह्यू लिहू लागला. निरगुडसरसारख्या गावात झाडांमधून तबकडी फेकून साखळ्यांच्या टोपलीत पाडायचा हा नवा खेळ त्याच्या पाच स्टारवरच चालणार होता. “लिहू दे, पोरी. उन्हात कशाला फिरवतीस?” आबा पुटपुटले. मग पाहुण्यानं वाचून दाखवलं: “नऊही टोपल्या झकास. लहान मुलांना बिनधास्त मोकळं सोडा.” आबांनी सकाळी पोत्याखाली लपवलेली तबकडी मी काढली आणि त्याच्यापुढे ठेवली. तिला सुळ्यांची चार भोकं होती. “कुत्र्यानं चावली?” त्यानं विचारलं. “बिबट्यानं. सहाव्या टोपलीपाशी सापडली, उसाच्या कडेला. आता खेळून लिहा.” मोबाईलवरचा अंगठा थबकला. माझ्याकडे न बघता आबांनी काठी उचलली. “चला, पावणं. मी पुढं व्हतो.”