विसरलेला ‘ट’

“एट स्टोर हूस,” रुही म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

शोभनाताईंनी क्षणभर डोळे मिटून घेतले. पुन्हा तेच. हूस म्हणजे घर. डॅनिश भाषेत घर ‘एट’ गटातलं, म्हणून मोठं घर म्हणताना ‘स्टोर’ला शेवटी ट लागतो. स्टोर्ट. कुत्रा ‘एन’ गटातला, त्याला नुसतं स्टोर चालतं. घरं असोत की कुत्रे, एकाहून जास्त झाले की शेवटी ए. मराठी घरातल्या मुलीला यात अवघड ते काय? मोठा कुत्रा, मोठं घर, हे तर कुणी न शिकवताच जिभेवर येतं.

“एट म्हटलंस ना बाळा? मग स्टोरचं काय होणार?”

“आय फरगॉट, आजी.”

मुलाचा, सुशांतचा व्हिसा संपत आला होता आणि ग्रीन कार्डची रांग काही हलत नव्हती. कंपनीने डेन्मार्कची जागा देऊ केली तेव्हा त्याने फार विचार केला नाही. उन्हाळ्यात अमेरिकेतलं ईडन प्रेरीचं घर सोडून तिघांनी तिकडे जायचं ठरलं. सामान आवरायला हातभार म्हणून शोभनाताई वर्ध्याहून आल्या, आणि रुहीच्या ऑनलाइन शिकवणीला तिच्याशेजारी बसता बसता स्वतःच डॅनिश शिकल्या. आयुष्यभर शाळेत मराठीचं व्याकरण शिकवलेलं. नवी भाषा बघून त्यांना भीती नाही, हुरूपच आला. सुशांत आणि सून आसावरी यांच्या मीटिंगा रात्रीपर्यंत चालत. त्यामुळे रोजचा सराव आजीकडेच आला.

“रुहीची विशेषणं एकदा पक्की झाली की तुझं परतीचं तिकीट काढू, आई,” एकदा जेवताना सुशांत म्हणाला होता. “तेवढं झालं की ती तिकडच्या शाळेत निभावून नेईल.” आसावरीने रुहीच्या ताटात पोळी वाढत मान डोलावली होती.

पण ते पक्कं होईना. शोभनाताईंनी सगळे उपाय करून पाहिले. रुहीला घरभर फिरवलं, लाल खुर्चीला हात लावायला लावला, लाल टेबलाला लावला. रुही हसायची, उड्या मारायची आणि नेमका ट विसरायची. शोभनाताई रागावत नसत. मूल चुकलं तर शिकवणाऱ्याने आपली वाट बदलावी, असं त्या नव्या शिक्षकांना सांगत आल्या होत्या. आता बदलायला वाटच उरली नव्हती.

एप्रिल आला तरी बाहेर बर्फ होता. दिवसभर घरात कुणी बोलायला नाही, हीटरने हातापायांची कातडी तडकलेली, जिना चढताना गुडघे बोलायचे. रात्री झोप लागायची नाही. पहाटे डोळा लागला तर स्वप्नात आपलं अंगण दिसायचं आणि जाग आल्यावर छत परकं वाटायचं.

त्या संध्याकाळी धाकट्या बहिणीचा, कांचनचा फोन आला. रुही हेडफोन लावून सोफ्यावर बसली होती. तिला एवढं भरभर मराठी कुठे कळतंय, म्हणून शोभनाताई मोकळेपणाने बोलल्या.

“थकले गं कांचन. ही सगळी चांगलीच आहेत, पण मला आता माझ्या घरी यायचंय. पोरीला साधा एक ट शिकवता येत नाही मला. माझ्यात काही उरलं नाही बघ.”

कांचनने नेहमीप्रमाणे चेष्टा केली. गावातली सगळी ढ पोरं पार केलीस आणि नातीपाशी येऊन अडलीस होय, म्हणाली. शोभनाताईंना हसू आलं नाही. फोन ठेवून त्यांनी पदराने डोळे पुसले. सोफ्यावर रुही तशीच बसून होती. तिच्या मांडीवरच्या आयपॅडचा पडदा काळा होता.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर रुहीने स्वतःच लॅपटॉप उघडला. शोभनाताई मरगळून शेजारी टेकल्या आणि सवयीने विचारलं, “मोठं घर?”

“एट स्टोर्ट हूस.”

त्यांनी चमकून पाहिलं. लाल टेबल विचारलं, तिथेही ट लागला. मोठे कुत्रे विचारले, तिथे ए आला. ‘ते मोठं घर’ म्हटलं की ट जाऊन ए येतो, तिथे तर भलेभले फसतात. रुही फसली नाही. शोभनाताई ताठ बसल्या. कितीतरी दिवसांनी त्यांच्या आवाजात वर्गातली धार आली. त्या भराभर विचारत गेल्या आणि भराभर उत्तरं येत गेली. त्या ओघातच त्यांनी लहान घरं विचारली.

“स्मो हूसे.”

शोभनाताई थांबल्या. एक घर लहान असेल तर ‘लिले’, पण घरं लहान असतील तर तो शब्दच बदलून ‘स्मो’ होतो. हे त्यांनी पुस्तकात पुढे वाचून ठेवलं होतं. रुहीला शिकवलं नव्हतं. शिकवणीतही ते पान अजून आलं नव्हतं.

“हे कधी आलं तुला?”

“लाँग टाइम.” रुहीची नजर खाली होती. “पूर्ण बुक झालंय माझं.”

“मग रोज चुकत का होतीस, बाळा?”

रुहीने लॅपटॉप मिटला. मग एकेक मराठी शब्द जपून उचलावा तशी ती बोलली.

“बाबाला सांग आता. तिकीट काढ म्हणावं. तू घरी जा, आजी.”