शिंप्याकडच्या किल्ल्या
पस्तिशीची माझी ताई एकटी राहते, रुग्णवाहिकेवर काम करते. तिने आमच्या समोरच घर घ्यावं, असा माझा हट्ट. पण वस्ती निवडताना ती घराआधी दुकानात शिरून विचारायची, “तुमच्याकडे शेजाऱ्यांच्या किल्ल्या असतात का?” “अगं, चोर समजतील!” मी म्हणाले. “एकट्या माणसांची दारं फोडावी लागतात आम्हाला,” ती म्हणाली. “कधीकधी उशीर झालेला असतो.” आज एका शिंप्याने ड्रॉवर ओढला. आत चिंध्या बांधलेल्या वीसेक किल्ल्या! “दुपारपर्यंत खिडकी उघडली नाही, की मी जिना चढतो. शिव्या खातो, पण चढतो.” ताईने दुकानावरची रिकामी खोली तिथेच पक्की केली. “बोला, तुमच्या किल्लीला कुठली चिंधी?” शिंप्याने तिला विचारलं. “पिवळी.” कडेवरच्या लेकीला सावरत मी पर्समधली आमची जादा किल्ली काढली. त्या घरात राहायला आल्यापासून सात वर्षांत ती कोणाकडेच दिली नव्हती. “ताई, ही तू ठेव. हिलाही पिवळीच बांध.”