तोंडी परीक्षा

“आता विचारा,” मोठ्या बाई म्हणाल्या. “काल प्रयोगशाळेत विचारलंत तेच. आमच्यासमोर.”

विज्ञानाच्या बाई खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या. समोर नववीतली मुलगी उभी होती. शेजारच्या खुर्चीत तिचे वडील, गॅरेजमधून तसेच उठून आलेले. हात पुसले होते, पण नखांत काळं तेल होतं. मुलीला कुणी बस म्हटलं नव्हतं.

काल त्या दोघीच होत्या. तास संपला तरी मुलगी परीक्षानळ्या धूत राहिली होती. धुतलेल्याच नळ्या, पुन्हा पुन्हा. मुलांच्या आत्महत्या कशा रोखायच्या, याचं प्रशिक्षण शाळेतल्या सगळ्या शिक्षकांना नुकतंच झालं होतं. ते द्यायला आलेल्या समुपदेशक मॅडमनी बजावलं होतं, आडून विचारू नका, सरळ विचारा. विचारल्याने कुणाच्या डोक्यात तसलं काही शिरत नाही. बाईंनी नळ बंद केला आणि सरळ विचारलं, “तुला मरून जावंसं वाटतं का?”

मुलीने हातातली नळी बेसिनमध्ये ठेवली. मग म्हणाली, “रोज.” आणि अशी रडली की बाईंचा खांदा भिजला. रडून झाल्यावर म्हणाली, “कुणी विचारलंच नव्हतं.”

“आता तू एकटी नाहीस,” बाई म्हणाल्या. हे मनात ठेवून चालणार नाही, हेही तिला सांगितलं. मुलीने मान डोलावली. बाई मोठ्या बाईंकडे गेल्या. वाटलं, त्या लगेच समुपदेशकांना फोन लावतील.

मोठ्या बाईंनी फोन वडिलांना लावला.

“काय कमी केलं हिला?” वडील आता म्हणत होते. “मोबाइल दिला, क्लास लावला. गल्लीत तोंड दाखवायला जागा नाही ठेवली कार्टीनं.”

“मॅडमना बोलवू या ना,” विज्ञानाच्या बाई म्हणाल्या. “त्यांनी सांगितलं होतं की...”

“त्या सांगून गेल्या. शाळा मला चालवायची आहे.” मोठ्या बाईंचा आवाज मऊ होता. “हे बघा, हिच्या मनात खरंच तसलं काही असेल, तर मी जबाबदारी घेऊ शकत नाही. आजच दाखला घेऊन जा. नसेल, तर विषय इथेच संपला. विचारा, बाई.”

मुलगी वडिलांच्या हातांकडे बघत होती.

बाईंना उठता आलं असतं. असं विचारणार नाही, म्हणता आलं असतं. पण कित्येक वर्षं झाली तरी त्यांची नोकरी अजून कायम झाली नव्हती, आणि ते मोठ्या बाईंच्या हातात होतं. त्यांनी विचारलं. शब्द कालचेच. आवाज हजेरी घेतानाचा.

“नाही,” मुलगी म्हणाली. “मी गंमत केली.”

वडील मोठ्याने हसले. “बघा! घरीसुद्धा हीच नाटकं.” त्यांनी उठून तिच्या डोक्यात टपली मारली, जरा जोरातच. मोठ्या बाईंनी चहा सांगितला. विज्ञानाच्या बाईंनाही हायसं वाटलं. त्याची लाज त्यांना नंतर वाटली, पण आधी हायसंच वाटलं.

“जा गं, वर्गात जा,” मोठ्या बाई म्हणाल्या. “बाई, तुम्हीच सोडून या तिला.”

व्हरांड्यातून दोघी चालल्या होत्या. एका वर्गात पाढे चालले होते. जिन्यापाशी मुलगी थांबली. तिचे डोळे अगदी कोरडे होते.

“बरोबर सांगितलं ना, बाई?”

बाईंच्या तोंडून सवयीने निघून गेलं, “शाब्बास.”