भिंत कुठवरी आली?

छप्पन साली सावली गावच्या रानाकाठी विद्यापीठाची इमारत उठू लागली. तापावर संशोधन करायला डॉक्टर येणार होते. बुधरी तिथं विटा वाहायची, आणि घरी तिचा नवरा इसरू त्याच तापानं खाटेला खिळला होता.

सांजेला ती परतली की तो विचारायचा, "भिंत कुठवरी आली व?"

"गुडघ्यावरी."

मग सिमेंट येईना, म्हणून काम बंद पडलं. बुधरी मोहफुलं वेचायला जाऊ लागली. पण हे त्याला सांगायचा तिला धीर होईना. भिंत वाढली म्हटलं की इसरू दोन घोट पेज जास्त प्यायचा. मग तीच शब्दांनी भिंत वाढवत राहिली. कमरेवरी आली, छातीवरी आली. एका सांजेला तर तिनं छपरावर कवेलूही चढवले.

"उगवतीकून दार बी बसलं," ती म्हणाली. "आता डॉक्टर येऊनच राह्यले."

"मंग मी जातो."

"चार दिस दम धरा. अंगात ताकद येऊ द्या."

दुसऱ्या दिवशी ती टोपली घेऊन परतली, तर खाट रिकामी. शेजारची रुखमा म्हणाली, "तुले तरास नको म्हणून काठी टेकत एकटाच गेला."

टोपली तिथंच टाकून बुधरी धावत सुटली.



उगवतीकडे, गुडघ्याएवढ्या भिंतीला पाठ टेकून इसरू बसला होता. अंग गार पडलेलं, अन् तोंड दाराच्या जागेकडे.